प्रश्न चौथा, दोन गुण

नववीचे पेपर तपासतोय, सावई-वेरेंच्या घरी,
जेवणाच्या टेबलावर.
पुढील संवादांतील अलंकार ओळखा.
संवाद मीच घातले, आमच्या जत्रेतल्या नाटकाचे.
पोरांनी रात्र जागून ऐकलेत,
म्हटलं, तेवढेच गुण पडतील.

"समुद्रा, तुझी भूक माझ्याहून म्हातारी."
चेतनगुणोक्ती. बहुतेकांना आलं.
"तिचं हसणं म्हणजे जणू रिकाम्या घरात लावलेला दिवा."
'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, हे मीच घोकून घेतलेलं.
एकानं 'उत्प्रेशा' लिहिलंय. दिला अर्धा.

"हळू बोला. हा मेला नाही, निजलाय."
माझ्या उत्तरसूचीत: अपन्हुती.
आहे ते नाकारायचं,
नाही ते त्याच्या जागी ठेवायचं.
वर्गात पाच मिनिटांत शिकवून होते.

सुहासिनी गावडेनं लिहिलंय:
अलंकार नाही, सर.
बाबांनी ते वाक्य घेतलंच नव्हतं.

खरं आहे. प्रॉम्प्टिंगला मीच होतो,
डाव्या विंगेत, टॉर्च दातांत धरून.
राजा झालेला उमाकांत गावडे,
मांडीवर शेल्यात गुंडाळलेली उशी, तोच राजपुत्र.
मी वाक्य दिलं. पुन्हा दिलं.
तिसऱ्यांदा तर पेटीवाल्यानंही मान वळवली.
उमाकांत उशी थोपटत राहिला.
पहिल्या रांगेत कुणी म्हणालं, काय विराम घेतो हा!
आणि टाळ्या.
मांडवाबाहेर खाजेवाल्यानं
तागडी हातातच धरून ठेवली होती.

त्याचा मुलगा पलीकडच्या बंद खाणीत
पोहायला गेलेला, मागच्या श्रावणात.
खंदकातलं हिरवं पाणी, तळ कुणालाच ठाऊक नाही.
दुसऱ्या दिवशी वर काढला तेव्हा काठावर मीही होतो.
उमाकांत माझ्याकडे बघत होता,
विसरलेला नट विंगेकडे बघतो तसा
(ही उपमा, 'तसा' आहे)
आणि माझ्याकडे वही नव्हती.

लाल पेन उघडंच राहिलं.
कपाटातून प्रॉम्प्टिंगची वही काढली,
तिसरा अंक, पान एकेचाळीस,
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
इथं वाक्य द्यायचं नाही.

आतून बायको विचारते, झाले का पेपर?
एक राहिलाय, म्हणालो.