सतराव्या मिनिटापर्यंत थांबा

केमीच्या वाचनालयात, दुसऱ्या मजल्यावर
रेडिएटरशेजारी एक खोकं आहे.
त्यावर टापटीप अक्षरात लिहिलंय : जड.
सिर्कूला विचारलं, नीट पोस्ट-मेटल असं का नाही लिहिलंस?
म्हणाली, पट्टी पुरली नाही.

प्रत्येक सीडीच्या डबीत एक चिठ्ठी.
पूर्वी तिच्यावर परतीच्या तारखांचे शिक्के पडत,
आता तारखा संगणक सांभाळतो.
कागद रिकामा पडला,
आणि रिकाम्या कागदापुढे
इथल्या अबोल माणसांचीही पेन्सिल गप्प बसत नाही.

'निळी माती', बेल्जियमची चार पोरं.
एकच गाणं, एकेचाळीस मिनिटं.
चिठ्ठीवर टापटीप अक्षर :
सतराव्या मिनिटापर्यंत थांबा.
खाली, डावीकडे कललेलं :
थांबलो. काही झालं नाही.
त्याखाली पुन्हा टापटीप :
परत थांबा.

मी रात्रपाळीला रस्त्यावरचा बर्फ हटवतो.
गाडी जुनी, तिच्यात अजून सीडी चालते.
जानेवारी, उणे सव्वीस,
आणि ती पोरं एकच सूर धरून बसलेली,
कुणी विहीर खणायला घ्यावी तशी :
माती, माती, दगड, पुन्हा माती.
नवव्या मिनिटाला मी जांभई दिली, खोटं कशाला बोलू.
चौदाव्याला ड्रम आले, लांबून,
सोळाव्याला गाणारा ओरडायला लागला.
शब्द कळेनात, पण तो कुणाला तरी हाक मारत होता
आणि ते माणूस वळून पाहत नव्हतं.
मग सतरावं.
सगळं एकदम थांबलं, एक गिटार सोडून.
ती काय करत होती ते मला सांगता येत नाही.
एवढंच, की माझा हात दांड्यावर गेला
आणि पातं वर उचललं गेलं,
आपण टोपी काढतो तसं.

चिठ्ठीवर लिहिलं :
झालं. दोन किलोमीटर रस्ता साफ करायचा राहिला.

पुढच्या महिन्यात डबी पुन्हा हाती आली.
माझ्या ओळीखाली थरथरतं, मोठ्ठं अक्षर :
तो रस्ता माझ्या दारावरचा. तक्रार मीच केली होती.
कारण कळलं असतं तर केली नसती.
आता 'तिसरी पाळी' ऐका. तुर्कूचे आहेत. पातं खालीच राहील.

सिर्कू नावं सांगत नाही, कायदा आहे.
पण टपालपेटीवर नाव असतंच : आउने.
एका पहाटे ती रस्त्याच्या कडेला उभी,
चमकणारं जाकीट, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सीडी.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत, तीन नंबरच्या यंत्रावर.
मी विचारलं, हे ऐकून बरं वाटतं?
म्हणाली, बरं वाटायला रेडिओ आहे.
मग जरा थांबून :
आमचं यंत्र तापायला चाळीस मिनिटं घ्यायचं.
घाई केली की कागद फाटायचा.
ही पोरं घाई करत नाहीत.

कललेल्या अक्षराचा मात्र पत्ता लागत नाही.
खोक्यातल्या एकूण एक चिठ्ठीवर तो आहे,
साप्पोरोचे, ग्दान्स्कचे, आमचे शेजारी ओउलूचे,
सगळ्यांखाली तेच : काही झालं नाही.
तरी नेतो. दर आठवड्याला नेतो.
आउने म्हणते, ह्याला आणखी जड लागेल.
मी म्हणतो, नाही, लांब.
दोन हिवाळे झाले, आम्ही त्याच्यासाठी शोधतोय,
आणि त्या नादात किती काय ऐकून झालं आमचंच.

परवा पाहिलं तर 'निळी माती' खोक्यात नव्हती.
मुदत उलटून तीन आठवडे झाले म्हणे.
सिर्कूने दंडाचं पत्र छापलंय,
पाकिटात घातलंय,
टेबलावर ठेवलंय.
अजून पाठवलेलं नाही.