तेल उडालं

बैंगनवाडीचं प्रसूतिगृह, गुरुवार,
नंबर सत्तेचाळीस.
नाव? सेनुआरा.
वय? सोबतची बाई म्हणाली, अठरा लिहा ना सिस्टर.
मनगटं पंधराच्या पुढे जायला तयार नव्हती.
गाव? बाईच म्हणाली, मालदा.
इथे सगळेच मालद्याचे असतात.

वजन एकोणचाळीस. हिमोग्लोबिन सात.
ओढणी बाजूला केली तर
मानेमागून पाठीवर उतरलेला डाग,
ओला, कडेने काळा.
हे काय?
तेल उडालं, बाई म्हणाली.

पंचवीस वर्षं भजी तळतेय मी घरी.
तेल हातावर उडतं, फार तर गालावर.
पाठ फिरवलेल्या माणसामागे
धावत जात नाही तेल.

बाईला रक्ताची बाटली देऊन लॅबला पिटाळलं.
खिडकी लावली. देवनारचा धूर तरीही आत.
पोरीने फानी मागितलं.
पाणी गं, मी म्हटलं.
फानी, ती म्हणाली, आणि दोन ग्लास प्यायली.

मग मोडक्या हिंदीत, थांबत थांबत:
छावणी. ताडपत्री. रात्री संडासला जायचं तर तिघींनी,
एकीने बॅटरी धरायची.
त्या रात्री बॅटरीत सेल नव्हते.
त्यानंतर आई म्हणाली, निकाह झालेला बरा.
दलालाने फोनवर फोटो दाखवला,
पोरगा, मोटरसायकल, मागे समुद्र.
नदी, दोन रात्री, टेम्पो,
आणि इथे दार उघडलं ते पन्नाशीच्या माणसाने.
मोटरसायकल कुणाचीच नव्हती.

पोलिसांना कळवायला हवं. नियम भिंतीवर आहे,
मीच चिकटवलाय.
पण ते जखम नंतर बघतील,
आधी कागद.
तिचा कागद ओढणीच्या गाठीत, चार घड्या,
मुदत उलटून गेलेली.
ती रडली नाही. एवढंच म्हणाली,
हा मारतो. ते परत पाठवतात.
जसं काही मला भाव विचारून
दोन्हीपैकी स्वस्त ते घ्यायचं होतं.

खरं गाव कुठलं गं?
बुथिडाँग.
समासात लिहिलं मी ते, पेन्सिलीने.
कशासाठी, माहीत नाही.
पेनने लिहिलं: तेल उडालं.
खाली सही, प्रभावळे.
मलम, लोहाच्या गोळ्या, पुढचा गुरुवार.

पुढच्या गुरुवारी सेनुआरा आली नाही.
साध्या कपड्यातले दोघे आले,
म्हणाले, सिस्टर, जरा रजिस्टर दाखवा.
चहा सांगते, म्हटलं,
आणि आत जाऊन
एकेक ड्रॉवर उपसत
खोडरबर शोधत राहिले.