यंदा आमची गल्ली

यंदा मिरवणूक आमच्या गल्लीतून.
सहा वर्षांनी.
चिठ्ठी घेऊन आलेला पालिकेचा पोऱ्या
दारातूनच म्हणाला, मावशी, भिंती रंगवून घ्या.
मी म्हटलं, भिंती दिसणार कुठे आहेत?

एप्रिलभर घरात तांदूळ भिजत होता.
वाटायचा, रंगवायचा: गुलाबी, पोपटी, पिवळा,
आणि तो लाल, जो बोटांवरून आठवडाभर हलत नाही.
मग कॉफीच्या नाहीतर काबालच्या पानावर
पळीभर ओतायचा, पसरायचा, वाफेला लावायचा.
निवला, वाळला, की पान अलगद सोडवायचं.
घाई केली तर फाटतं,
उशीर केला तर चिकटून बसतं.
आईनं मला याहून जास्त काही शिकवलं नाही
आणि एवढ्यावर माझं निभलं.

हातात उरतं ते किपिंग.
तांदळाचं पान.
मधली शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा,
अळीनं कुरतडलेली कड असेल तर तीसुद्धा.

आदल्या रात्री लुकबानमध्ये कुणी झोपत नाही.
रुफो शिडीवर, मी खाली,
पडवळं, वांगी, चवळीच्या शेंगांच्या जुड्या,
कौलापर्यंत भाताच्या ओंब्या.
समोरच्या आलिंग पासिंगनं तर खिडकीला
सॉसेजच्या माळांचा पडदाच सोडला.
लसणाचा वास असा
की गल्लीतली कुत्री संताच्या आधी दर्शनाला हजर.

माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात, तळाशी,
एक जुनं किपिंग होतं.
मागच्या खेपेचं. पिवळं, आता विटलेलं.
ज्या झाडाचं पान त्यावर उमटलंय
ते ओहोळाकडेचं झाड वादळात गेलं.
त्याच्या सावलीत तेओफिलो पत्ते खेळायचा,
हरायचा,
आणि घरी येऊन जिंकलो म्हणायचा.
तेओफिलोही आता नाही,
पण मी झाडाबद्दल बोलतेय.

ते मी झुंबराच्या आतल्या अंगाला बांधलं,
दोनशे नव्या पानांच्या मध्ये,
माझं मलाच दिसेल असं.

संत इसिद्रो आला खांद्यांवरून डुलत.
शेजारी लाकडी बैलजोडी, नांगराला देवदूत.
तो प्रार्थनेला बसे तेव्हा देवदूत त्याचं शेत नांगरत, म्हणतात.
आमच्या शेतात रुफो आणि रेडा.
फादरांनी पाणी शिंपडलं:
एक थेंब भोपळ्यावर, दोन माझ्या चष्म्यावर.
परीक्षक वर बघून वहीत काहीतरी लिहून पुढे गेले.
बक्षीस आलिंग पासिंगला. कुत्र्यांचं मत मोजलं असणार.

बनाहाव डोंगर ढगातून निम्मा बाहेर आला
तोवर घरं उतरायला लागली होती.
ज्याला जे हवं ते त्यानं न्यावं.
कुणाच्या डोक्यावर अननस, कुणाच्या गळ्यात मिरच्यांची माळ.
पोरं केळीच्या पानावरचे नूडल्स
हात न लावता, थेट तोंडानं ओढत होती.
मी सगळ्यांना वाढत होते, हसत होते,
आणि झुंबर जागेवर नव्हतं.

मागच्या अंगणात दालिसाय, रुफोची धाकटी, सात वर्षांची,
चुलीपुढे उकिडवी बसलेली.
मी पोचले तेव्हा ते पिवळं कढईत होतं.
फुलत होतं.
शिरा क्षणभर अशा वर आल्या
की वाटलं, वारा सुटला.
मग नुसते बुडबुडे.

हे जुनं होतं का गं, तिनं विचारलं.
माझा चेहरा बघून मोडून अर्धं दिलं,
व्हिनेगरात बुडवून.

चव तांदळाची.
थोडी डब्याची.
झाडाची अशी वेगळी काही लागली नाही.

दुसरं अर्धं मी मागितलं नाही.
तिनं दिलंही नसतं.
तोंड भरलेलं, लाल बोट झुंबराकडे:
अजून दोनशे आहेत.