पालथा

अक्षराला तीन रुपये, काना-मात्रा फुकट,
हा माझा दर, कैक वर्षांपासून.
सरांनी यादी आणून दिली तेव्हा
मी आधी अक्षरं मोजली, मग वाचली.

वारसा महोत्सव. सतरा सप्टेंबर.
झेंडा झाला की शाळेच्या पटांगणात.
बेचाळीस पाट्या:
हाली शिक्क्याची नाणी, देणार मौलासाब तांबोळी.
पितळी पायली, शेर, अच्छेर.
खरेदीखत, अर्धं उर्दू, अर्धं मोडी, वाचणारा कुणी उरला नाही.
बारवेतली मूर्ती, नाक नसलेली.
ढाल? (सर म्हणाले, प्रश्नचिन्हाचे पैसे धरू नका.)
आणि सगळ्यात खाली, मागून पेनानं घुसवलेलं:
वीरगळ. अंदाजे बारावं शतक. अज्ञात वीर.

तो दगड कुणाला ठाऊक नव्हता?
ओढ्याच्या वळणावर, वीतभर पाण्यात,
सोजराबाई वरठिणीचा दगड.
पंचेचाळीस वर्षं तिनं त्याच्यावर
गावाची धोतरं आपटली,
बाळंतिणींची लुगडी, मयताच्या घरची अंथरुणं,
निवडून आलेल्यांचे गुलालानं माखलेले सदरे,
पडलेल्यांचे पांढरेच.

मे महिन्यात गाळ काढायला जेसीबी आला.
दात लागला, दगड कलंडला,
खालून माणूस निघाला.
तळाला गाई,
त्यांच्या अंगावरून तलवार उपसलेला तो,
मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा.
मधे दोघीजणी दंडाला धरून त्याला नेणाऱ्या,
वर पिंडीपुढं मांडी घालून टेकलेला, एकदाचा.
चंद्र. सूर्य.
ऑपरेटरनं इंजिन बंद केलं.
कुणीतरी नारळ आणायला पळालं.

सोळाच्या रात्री मी शेवटची पाटी रंगवायलो होतो,
सोजराबाई दुकानाच्या उंबऱ्याला येऊन टेकली.
काय लिवायलास?
अज्ञात वीर.
मंजी?
मंजी नाव कुणाला माहीत नाही.
ती बराच वेळ ओल्या रंगाकडं बघत राहिली.
मग म्हणाली,
नाव हाय की. पालथा.
आमी तसंच म्हनायचो. जा, पालथ्यापाशी घमेलं राह्यलंय.
माझी सासू म्हनायची, तिची सासू म्हनायची.
का म्हनायचो, ते कव्हा इचारलं न्हाई.

माझा ब्रश तिथंच थांबला.
शोध मे महिन्यात लागला,
असं सकाळच्या भाषणात होतं.
भाषणाची पाटीही मीच लिहिली होती.

तीन अक्षरं, मी म्हणालो, नऊ रुपये.
सर देणार नाहीत.
तिनं कमरेची पिशवी सोडली, दहाचं नाणं ठेवलं.
मी नको म्हणालो.
ती म्हणाली, गावाचं धुनं म्या फुकट धुतलं व्हय?
मी एक रुपया परत दिला.
तिनं तो घेतला.

दुसऱ्या दिवशी लातूरहून प्राध्यापक आले,
चष्मा पुसत म्हणाले,
तोंड मातीत होतं म्हणून वाचलं,
उताणा असता तर नाक-डोळे कधीच झिजले असते.
टाळ्या वाजल्या.
सोजराबाई मांडवाच्या खांबापाशी होती, बायकांच्या मागं.
मंजी इतके दिस म्या त्याची पाठ चोळली,
ती म्हणाली, माइकपासून लांब.
तहसीलदारांनी हार घातला, झेंडूचा, जाडजूड,
तो थेट पाटीवर लोंबला.
खालची तीन अक्षरं फुलांत गेली.
फोटोत ती नाहीत.

आता दगड शाळेसमोर आहे, कठड्यात.
हात लावू नये, हीही पाटी माझीच.
शनिवारी पोरं कठड्यावर बसून भेळ खातात,
मास्तर नसले की मिशीवरून बोट फिरवतात.

पंचायतीनं सोजराबाईला नवा दगड टाकून दिला,
सिमेंटचा, चौकोनी, वर सालही कोरलंय.
कापड खातो, म्हणते.
चार धुण्यांत माझ्या सदऱ्याची कॉलर गेली.
मी काही बोललो नाही.
शिवून घेतली.