न्यूट्रल

माधवनगरला, जुन्या जकात नाक्याच्या अलीकडं,
आमच्या गॅरेजमधला प्लग मंगळवारी मेला.
मेला म्हणजे कसा,
टेस्टर लावला तर उजवं भोक पेटतं,
डावंही पेटतं,
आणि ड्रिल मशीन ढिम्म.

नातू म्हणाला, डबल पॉवर झाली की ओ आजोबा.
मी हसलो नाही.
छत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
चंचुपात्रं विसळली,
कुठं हसू नये एवढं कळतं.

ट्यूबचं बटण वर केलं. डावं भोक विझलं.
बटण खाली. ट्यूब लागलीच नाही,
डावं भोक मात्र पुन्हा लाल.
होल्डरला दोन वायरी जोडून केलेला दिवा
फेज आणि अर्थिंगमध्ये धरला: लख्ख.
फेज आणि न्यूट्रलमध्ये: काळा.
म्हणजे जाणारी शाबूत आहे,
परतणारी कुठंतरी तुटली.

बोर्ड उघडला. आत जळमट,
वाळून कागद झालेली पाल,
तात्यांच्या हातचा काळा टेप.
स्क्रू सगळे घट्ट.
मीटरपाशीही घट्ट.
मग शिडी लावली, लाकडी पट्टीवर बोट ठेवत
डॉक्टर मणके मोजतो तसा
मोजत गेलो,
आणि वायर भिंतीत शिरली.

भिंत चार वर्षांची, नऊ इंची.
वायर चाळीस वर्षांची.
बांधताना गवंड्यानं तिच्यापुरतं भोक ठेवलं होतं,
आम्हाला न विचारता.
वाटणीत आम्ही तांब्याचे हंडे मोजले,
नारळ कुणाचा यावर तीन बैठका घातल्या.
तात्यांचा जॉइंट बॉक्स
कुठल्याच कागदावर नाही.
तो पलीकडं गेला,
सन्मतीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागं.

इरफान वायरमन म्हणाला, काका,
बाहेरनं नवी ओढू, दीडशे फूट लागंल,
कुणाला विचारायला नको.
हिशेब केला. परवडत होतं.
तरी चप्पल घातली.

बेल नवीन होती, चिमणीच्या आवाजाची.
दार त्यानंच उघडलं.
माझ्या हातातला टेस्टर बघितला.
"कुठला?"
"गॅरेजचा."
त्यानं फ्रिज ओढला.

पुढचं बोलणं एवढंच:
मेन पाड.
पाडला.
माझाही पाडायला सांग, भिंतीतनं हाक मार.
पक्कड.
टॉर्च अलीकडं. अजून. हां.

झाकण निघालं. आत चार वायरींचा पीळ,
तात्या घालायचे तसा, डावीकडनं,
सुतळी वळल्यासारखा.
त्यातली एक काळी जळून सुटलेली,
टोकाला हिरवा गंज.
दोन मीटर आणि न्यूट्रल एकाच पिळात.
नियमानं चूक.
"आमचा इथला दिवा बी दिवाळीपासनं मिणमिणतोय," सन्मती म्हणाला.
"मग सांगायचं नाहीस?"
टॉर्च जरा हलली.

वायर तासली. आतलं तांबं अजून गुलाबी होतं.
पुन्हा पीळ, वर नवा टेप,
त्यानं टेपचं टोक दातानं तोडून दिलं,
लहानपणी पतंगाचा दोरा तोडायचा तसं.

दोन्ही मेन वर झाले.
भिंतीपलीकडनं नातू ओरडला, लागली!
मग ड्रिलचा आवाज, हवेतच, उगाच,
बराच वेळ.

चहा त्यानं विचारला नाही,
मीही रेंगाळलो नाही.
घरी येऊन खिसा चाचपला
तर बॉक्सच्या झाकणाचा एक स्क्रू माझ्याकडं.
रविवारी इरफान येणार आहे
दोघांचे न्यूट्रल वेगळे करायला, ते करावंच लागंल.
तेव्हा स्क्रू देईन.
किंवा उद्याच जातो.
झाकण एका बाजूनं लोंबकळत असंल.