उलटा दिवा

गुणाजी कुबलांना आता फोन ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी बसलेला कान,
त्याला लाटसुद्धा फक्त दिसते.
म्हणून भालूने मला बोलावलं :
"बाबांका कळाक होया, मी बंदरात इलंय म्हणान."

मी फिशफाइंडर दुरुस्त करते, जीपीएस, वायरलेस,
कुणी आणलाच तर मिक्सर.
पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर त्यांच्या फळीवर ठेवला,
मिठाच्या बरणीपासून लांब.
सर्जेकोटात तांब्यावर आठवड्यात हिरवं चढतं.

मग एक लाल एलईडी.
लांब पाय अधिक, आखूड पाय उणे,
मध्ये रेझिस्टर : नारिंगी, नारिंगी, तपकिरी,
नाहीतर एवढासा जीव एकदाच लखलखतो आणि संपतो.
आखूड पाय जमिनीला जोडायचा.
"जमीन? खंयची जमीन?" गुणाजी म्हणाले.
"ग्राउंड हो!" मी ओरडले.
ते हसले. सातबारा त्यांच्या नावावर कधी नव्हताच.

लांब पाय अकराव्या पिनेला.
पण लिनक्स तिला अकरा म्हणत नाही, सतरा म्हणतो.
अर्धा तास मी अकराला हाका मारत बसले.
या घराचंही तसंच :
पाटीवर दोनशे चार,
पोस्टमनला विचारा, तर वाकड्या माडाकडलो गुणो.

त्या यंत्रात दिवा म्हणजे एक फाइल.
एक लिहा, पेटतो. शून्य लिहा, विझतो.
आधी ते म्हणालं, परवानगी नाही.
रूट होऊन पुन्हा लिहिलं,
आणि लाल ठिपका
थोडा मसाल्याच्या डब्यावर, थोडा गुणाजींच्या चष्म्यात.

माझा बेत साधा होता :
बोटीवरचा ट्रान्समीटर टप्प्यात आला की एक.
भालू आला, दिवा लागला.
हातवारे करून समजावलं.
जाळ्यातली सुई थांबली.
"उलटा कर.
तो दर्यात असा तवसर पेटतो ठेय.
घराक इलो की इझांदे."

मी प्रोग्राममधल्या एकाचं शून्य केलं, शून्याचा एक.
मग हात थांबला.
लाईट गेली तर? तार सुटली तर?
दिवा विझेल, आणि हा माणूस
न आलेल्या बोटीसाठी दार उघडेल.

बोर्डावर एक हिरवा दिवा असतो, जन्मापासूनचा.
त्याला मी ठोके दिले :
दोन लागोपाठ, मग थांबा, पुन्हा दोन.
हिरवा धडधडतोय आणि लाल विझलाय,
तरच आला.
दोन्ही विझले, तर काहीच कळलं नाही असं समजायचं.
त्यांनी मान डोलावली,
जणू हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पहाटे पावणेतीनला त्या फाइलमध्ये शून्य पडलं.
वेळ माझ्याकडे नोंदलेली आहे.
पुढचं त्यांची सून सांगते :
फळीवर अंधार झाला तसे ते उठले,
हिरव्याकडे बोट ठेवून चार ठोके मोजले,
आणि चहाचं आधण चढवलं,
दोन कपांचं.