वार्षिक उत्पन्न

ठाणे तहसील, सेतूची खिडकी, आमचा नंबर चौथा.
बाबांनी आज दुकान बंद ठेवलंय;
दुकान कसलं, कोपरखैरण्यात जिन्याखाली
एक टेबल आणि कोळशाची इस्त्री.

"वर्षाचं किती?" बाई विचारते, मान वर न करता.
बाबा पुटपुटत मोजतात:
कपड्याला सात, साडीला वीस,
मे महिन्यात अख्खी सोसायटी गावाला,
दिवाळीत मात्र रात्रीचे दोन.

मी त्यांचं मनगट बघते.
नवा चटका. वरवरचा, फोड नाही,
आठवड्यात भरेल.
परवाच वॉर्डात शिकले हे.
अर्जात त्याला रकाना नाही.

"लिहा, दोन लाख दहा."

हिशेबाची वही माझ्याकडे असते.
एक अडतीस होतात, तेही ओढूनताणून.
बाई टाइप करते. पंधरा दिवसांनी या.

बाहेर, रसवंतीपाशी,
ते पावती खिशात कोंबत नाहीत,
दोन बोटांत धरतात, नव्या घडीसारखी.
"जरा वाढवूनच सांगितलं.
कॉलेजात कोणी वाचलं, तर
डॉक्टरीणबाईचा बाप म्हणजे अगदीच..."

शिष्यवृत्तीची मर्यादा आठ लाखांची आहे.
त्यांना अजून बरंच श्रीमंत होता आलं असतं,
हे मी सांगत नाही.